30 सेकंदांत माणसं जातात कुठे?

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक काळा-पांढरा फोटो फिरत आला. रात्रीचा सुपर कॉरिडॉर, मे 2025 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचे एकामागे एक खांब, खाली मोकळा रस्ता. आणि एका खांबापुढे आरपार दिसणारा माणूस! त्याच्या पोटातून मागचं काँक्रीट दिसतंय. सोबत मजकूर: 'रात्री इथून जाऊ नका.' भाचीने विचारलं, "मामा, हे खरंय?"

फोटो खरा आहे. भूत नाही. लोकांना घरात डांबणारे असले मजकूर पुढे पाठवू नयेत, हे मी ग्रुपवरही लिहिलं.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून शटर 30 सेकंद उघडं ठेवलं, की साधं गणित सुरू होतं. माणूस अर्धा मीटर रुंद धरा आणि त्याची चाल सेकंदाला सव्वा मीटर. खांबाचा कुठलाही एक ठिपका तो फक्त 0.4 सेकंद झाकतो. उरलेले 29.6 सेकंद कॅमेऱ्यात खांबाचाच प्रकाश जमा होतो. फरक सव्वा टक्क्याच्या आसपास, करड्या छटांत तो जवळपास कळतच नाही. म्हणून गजबजलेला रस्ताही ओस दिसतो. 1838 मध्ये फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला तेव्हा सगळी वर्दळ अशीच नाहीशी झाली. बुटांना पॉलिश करून घेत थांबलेला एक जण तेवढा उमटला. आपला खांबापुढचा माणूसही बहुधा दहाएक सेकंद थांबला असावा. एक तृतीयांश तो, दोन तृतीयांश खांब. रंगीत फोटोत त्याच्या शर्टाचा रंग तरी खांबावर उतरला असता.

मी मात्र अजून फिल्म वापरतो, आणि तिथली गंमत याहून खोल आहे. फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक असतात. प्रकाशाचा कण आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, तो चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. पण एकटा अणू टिकत नाही, थोड्याच वेळात पुन्हा आयन होतो. चारेक अणूंचा पुंजका जमला तरच डेव्हलपरमध्ये, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनात, तो अख्खा स्फटिक काळी चांदी बनतो. दिवसा प्रकाशकण भराभर येतात, पुंजका लगेच जमतो. रात्री दुसरा कण येईपर्यंत पहिला अणू विरून गेलेला असतो! प्रकाश पोहोचला, पण त्याची नोंद राहिली नाही. ताऱ्यांची तेजस्विता फोटोवरून मोजताना खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्टने हा परिणाम अभ्यासला. कृष्णविवराच्या त्रिज्येला ज्याचं नाव आहे, तोच हा.

म्हणून प्रकाश मोजणाऱ्या मीटरने 30 सेकंद सांगितले, तर इल्फर्डच्या एचपी 5 फिल्मला मी 86 सेकंद देतो. दहा सेकंद थांबलेला माणूस तिथे एक तृतीयांशावरून जेमतेम आठव्या हिश्श्यावर येतो. डिजिटल सेन्सरमध्ये ही गळती नसते.

रविवारी भाचीला त्याच खांबापाशी नेणार आहे. दहा सेकंद उभी राहा आणि मग बाजूला हो, एवढंच तिला सांगितलंय. एक फोटो तिच्या मोबाइलवर, एक माझ्या फिल्मवर.