माथेरानचं इंजिन पाचपट लहान करताना काय काय लहान होत नाही

नेरळला लोकलमधून उतरलं की सगळे माथेरानच्या गाडीच्या तिकिटासाठी पळतात आणि त्या गडबडीत तिथं उभं करून ठेवलेलं जुनं वाफेचं इंजिन बघायचं राहून जातं. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा त्याच्यापाशी. 1907 साली ही लाईन सुरू झाली, पीरभॉय घराण्याच्या पैशातून, आणि तिच्यासाठी ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीने चार इंजिनं बनवून दिली. त्यातलं 741 नंबरचं दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल पूर्णपणे आलं आणि ही इंजिनं थांबली.

मी आणि माझे मामा गेली चार वर्षं याच इंजिनाचं मॉडेल बनवतोय. मामांचं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, लेथवर हात बसलेला माणूस. काचेच्या कपाटात ठेवायचं मॉडेल नाही हे, खऱ्या कोळशावर खऱ्या पाण्याची वाफ करून मागे दोन माणसं बसवून ओढेल असं. घरी येणारा प्रत्येक जण बघतो आणि म्हणतो, म्हणजे काय, सगळी मापं पाचने भागायची, झालं की इंजिन! मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. पण लोखंड पाचने भागलं जातं, वाफ भागली जात नाही, आणि आमची चार वर्षं कशात गेली विचाराल तर या एका वाक्यात गेली.

आधी रुळापासून सुरू करतो. माथेरानच्या लाईनचा गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर दोन फूट, 610 मिलिमीटर. आपली नेहमीची ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. मॉडेलवाल्यांचा एक ठरलेला ट्रॅक असतो पाच इंची, म्हणजे 127 मिलिमीटरचा. आता त्या 127 च्या रुळांवर ब्रॉडगेजचं इंजिन बसवायचं तर ते 13.2 पट लहान करावं लागतं, आणि माथेरानचं बसवायचं तर फक्त 4.8 पट. वजन हे लांबी, रुंदी, उंची तिन्हींवर चालतं त्यामुळे ते तीनदा भागावं लागतं, 13.2 चा घन साधारण 2300 आणि 4.8 चा घन 110. म्हणजे 100 टनांचं थोरलं मेल गाडीचं इंजिन मॉडेलमध्ये 43 किलोचं होतं आणि 20 टनांचं डोंगरावरचं चिमुकलं इंजिन होतं 180 किलोचं! खऱ्या जगातलं धाकटं भावंड मॉडेलच्या जगात थोरल्याच्या चौपट भरतं. नॅरोगेजवर जीव असलेले मॉडेलवाले एवढे का आहेत त्याचं खरं कारण मला हेच वाटतं, इंजिन जेवढं मोठं तेवढं ते खऱ्यासारखं वागतं, आत हात घालून काम करता येतं, आणि चार माणसांशिवाय उचलता येत नाही ही अडचण सोडली तर सगळा फायदाच आहे.

आता ओढण्याची ताकद बघा. वाफ पिस्टनला ढकलते, आणि ढकलण्याचा जोर म्हणजे दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. क्षेत्रफळ दोनदाच भागलं जातं, 4.8 चा वर्ग 23. म्हणजे दाब तोच ठेवला तर जोर 23 पट कमी झाला पण वजन 110 पट कमी झालं. रुळावर चाक धरून ठेवतं ते वजनामुळे, तेव्हा असं इंजिन जागच्या जागी चाकं गरगर फिरवत बसेल, पुढे जाणारच नाही. म्हणून मॉडेलमध्ये दाब कमी ठेवतात. खऱ्या इंजिनात समजा 12 बार, तर आमच्यात 6. (घरच्या कुकरची शिट्टी साधारण 1 बारला उडते, त्यावरून अंदाज घ्या.) तरीही हिशोबाने जोर जास्तच होतो, मग आम्ही सिलिंडर बाहेरून बरोबर मापाचा दिसेल असा केला आणि आतला बोअर म्हणजे पोकळीचा व्यास थोडा कमी ठेवला, उरलेलं रेग्युलेटर म्हणजे वाफ सोडायची झडप हळू उघडायच्या हाताच्या सवयीवर सोडलं.

बॉयलर हा माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार आहे. खऱ्या इंजिनाचा बॉयलर पोलादाचा, आमचा तांब्याचा. तांबं साध्या पोलादापेक्षा सात-आठ पट चांगली उष्णता वाहून नेतं, गंजत नाही, आणि लहान व्यासाच्या बॉयलरला पोलादाएवढी ताकद लागतच नाही. गणित सोपं आहे, गोल पत्र्यावरचा ताण म्हणजे दाब गुणिले व्यास भागिले पत्र्याच्या जाडीची दुप्पट. आमचा व्यास 150 मिलिमीटर, पत्रा 3 मिलिमीटर, 6 बारला ताण येतो 15 मेगापास्कल, आणि मऊ तांबंसुद्धा तुटायला 200 च्या वर लागतात. गोल भागाची काळजी नसते, काळजी असते सपाट भागाची. फायरबॉक्सच्या म्हणजे कोळसा जळतो त्या पेटीच्या सपाट भिंती दाबाने फुग्यासारख्या फुगायला बघतात, म्हणून त्यांना आरपार स्टे म्हणजे आधाराच्या सळ्या घालून एकमेकींना बांधून ठेवावं लागतं, आणि असे स्टे डझनांनी लागतात.

बॉयलरच्या दोन्ही टोकांच्या प्लेटा फर्म्यावर ठोकून कडा वळवाव्या लागतात. पहिल्या दोन प्लेटांना आमच्याकडून चिरा पडल्या. तेव्हा मामा मला घेऊन पुण्यात कसब्यात तांबट आळीत गेले, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांना चिरलेली प्लेट दाखवली. त्यांनी हातात घेऊन बोटाने वाजवली आणि म्हणाले, "अहो, कडक झालीय ती, मध्ये मध्ये भट्टी दाखवायची ना." तांब्याच्या आत अणूंचे थर असतात, हातोडा पडला की ते एकमेकांवरून सरकतात म्हणून तांबं वाकतं, पण प्रत्येक ठोक्याबरोबर त्या थरांमध्ये दोष वाढत जातात, एकमेकांत अडकतात, दोऱ्याचा गुंता होतो तसं, आणि मग थर सरकायचे थांबतात. सरकले नाहीत की चीर पडते. लाल होईपर्यंत तापवलं की अणू परत आपापली जागा लावून घेतात, गुंता सुटतो, तांबं पुन्हा मऊ. हंडे-घागरी ठोकणाऱ्यांना हे पिढ्यानपिढ्या कानाने कळतंय, कडक पत्र्याचा आवाज वेगळा येतो! नंतरच्या एका प्लेटला आम्ही पाच वेळा भट्टी दाखवली आणि कड अशी वळली की भाकरीची कड हाताने दाबावी.

जोडकाम चांदीच्या डागाचं, म्हणजे चांदी मिसळलेला धातू वितळवून सांधायचं, सोनार करतो तेच, फक्त सोनाराची फुंकणी असते आणि आमच्याकडे दोन मोठे गॅस बर्नर. टाकणखार लावायचा म्हणजे तापलेल्या तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनने काळी पुटं चढत नाहीत. दोन भागांमध्ये साधारण 0.1 मिलिमीटरची फट ठेवायची, त्यापेक्षा मोठी झाली तर डाग आत ओढला जात नाही आणि अजिबातच नसेल तर शिरायला वाट मिळत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा वितळलेला डाग त्या फटीत आपोआप चढतो, गुरुत्वाकर्षणाच्या उलटसुद्धा. अडचण अशी की दुसरा सांधा तापवताना पहिला सुटू शकतो, म्हणून आधीच्या सांध्यांना जास्त तापमानाला वितळणारा डाग आणि शेवटच्यांना कमी तापमानाचा, असं उतरत्या क्रमाने जावं लागतं.

आणि आता पाचने न भागल्या जाणाऱ्या गोष्टी. बॉयलरमधून फायरबॉक्सचा गरम धूर ज्या नळ्यांतून जातो त्या खऱ्या इंजिनात समजा 48 मिलिमीटरच्या, तर मॉडेलमध्ये 10 च्या व्हायला हव्यात. तशा केल्या तर आग पेटतच नाही नीट. अगदी बारीक नळीत हवेचा चिकटपणा वरचढ होतो, संथ प्रवाहात नळीचा व्यास निम्मा केला तर तेवढ्याच ओढीने सोळावा हिस्साच धूर जातो, वर काजळीने नळ्या चोंदतात ते वेगळंच. म्हणून मापापेक्षा जाड नळ्या आणि संख्येने कमी. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी तर मापात केलीच नाही आम्ही. फार बारीक काचेत पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे अडकून बसतो, आत बुडबुडा असला तरी पातळी भरलेली दिसते, आणि तीच खोटी पातळी बघून आग चालू ठेवली तर फायरबॉक्सचा माथा कोरडा पडून जळतो. दिसायला काच थोडी जाडी दिसते आणि मला तिचं काही वाटत नाही. कोळशाचे खडे, पाण्याचे थेंब, वाळूचे कण, बघणाऱ्याचा डोळा, यातलं काहीच लहान होत नाही, आणि चांगला मॉडेलवाला कोण हे मला तरी तो कुठं माप सोडतो त्यावरून कळतं.

चाकांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण याच इंजिनात ती खास आहे. सहा चाकं, तिन्ही आस म्हणजे चाकांच्या जोड्यांचे ॲक्सल बाहेरच्या दांड्यांनी एकमेकांना जोडलेले. आता तीन आस एकमेकांना समांतर घट्ट बसवले तर गाडी वळणार कशी? आमच्या मॉडेलचा पहिल्यापासून तिसऱ्या आसापर्यंतचा पल्ला 500 मिलिमीटर धरा आणि ट्रॅकचं वळण 5 मीटर त्रिज्येचं, तर मधल्या चाकाला सव्वासहा मिलिमीटर बाजूला सरकावं लागतं, आणि रुळात मोकळीक असते दोन-तीन मिलिमीटरची. माथेरानच्या डोंगरात तर वळणांवर वळणं आहेत. यावरचा उपाय म्हणजे क्लीन-लिंडनर नावाचा आस. फ्रेम बाहेरच्या बाजूला, तिच्या बेअरिंगमध्ये एक भरीव आस फिरतो, दांड्या त्यालाच जोडलेल्या. त्या आसावर मधोमध एक गोळा, आणि सगळ्यावरून एक पोकळ आस घातलेला, चाकं बसलीत ती या पोकळ आसावर. गोळ्यातून आरपार एक पिन जाते, ती फिरवण्याचा जोर आतून बाहेर देते. हातात सैल बांगडी जशी मनगटाभोवती तिरकी होते पण हात सोडून जात नाही तसा तो पोकळ आस आतल्या आसाभोवती तिरका होतो, थोडा बाजूलाही सरकतो, चाकं रुळाच्या वळणाप्रमाणे जातात आणि बाहेरच्या दांड्यांना पत्ताच लागत नाही. पुढचा आणि मागचा आस असा, मधला साधा. आम्हाला या दोन आसांना अकरा महिने लागले. गोळा आणि त्याची वाटी यांच्यात मोकळीक जास्त झाली तर प्रत्येक फेऱ्यात खट्ट असा आवाज येतो, कमी झाली तर तापून धरतो. मामांनी तीन गोळे टाकून दिले, चौथा ठेवला.

या लाईनला सल्लागार होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, हाच माणूस आपल्या बार्शी लाईट रेल्वेचा जनक, 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी गाडी नेली त्याने, आणि पुढं जाऊन विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं. आस, वजन, वळण यांचा त्याने जेवढा बारीक विचार केला तेवढा त्या काळी नॅरोगेजसाठी फार कमी लोकांनी केला असेल, मला तर कुर्डुवाडीवरून जाताना दरवेळी त्याची आठवण येते.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी राहते आणि तिचा मला फार आनंद झाला जेव्हा पहिल्यांदा हिशोब मांडला तेव्हा. ती म्हणजे चढ. माथेरानच्या लाईनवर सगळ्यात कडक चढ विसाला एक, वीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. तो कोन आहे, आणि कोनाला माप नसतं. चाक-रुळातलं घर्षण हेही नुसतं प्रमाण, पोलादावर पोलाद कोरडं असेल तर साधारण 0.2 ते 0.25. आमचं इंजिन 180 किलो, दोन माणसं आणि डबा धरून 200, एकूण 380, त्याचा विसावा भाग 19 किलोची ओढ खाली खेचणार. चाकांची पकड 180 च्या पाव-पंचमांश म्हणजे 36 ते 45. पुरतंय! रूळ ओला झाला की ही पकड झपकन कमी होते, म्हणून तर डोंगरातल्या इंजिनांना वाळूचा डबा असतो, चाकापुढे वाळू टाकायला.

बॉयलरची टेस्ट आधी थंड पाण्याने केली, दुप्पट दाबाला, 12 बार. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही जवळजवळ, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही, सांधा सुटला तर नुसती धार लागते. तेच 6 बारला आतलं पाणी 165 अंशांवर असतं, तेव्हा बॉयलर फुटला तर दहा लिटरमधलं सव्वा लिटर पाणी एका क्षणात वाफ होऊन दोन हजार लिटर जागा मागतं. म्हणून आधी थंड टेस्ट, आणि ज्याला ती नको वाटते त्याने बॉयलरला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा तास काटा हलला नाही. मामा त्या अर्ध्या तासात एक शब्द बोलले नाहीत.

पहिल्यांदा वाफ धरली तेव्हा धुराड्यातून काळं पाणीच उडालं. लहान सिलिंडरमध्ये आतल्या वाफेच्या मानाने भिंतीच जास्त असतात, जवळजवळ पाचपट जास्त, आणि त्या गार भिंतींना लागून वाफेचं परत पाणी होतं, पिस्टन त्या पाण्यावरच आपटतो. मग पुढच्या वेळी ड्रेन कॉक म्हणजे सिलिंडरमधलं पाणी काढायचे नळ उघडे ठेवून तीन-चार मिनिटं नुसती वाफ सोडली, सिलिंडर हाताला चटका बसेल इतके तापले, पाणी यायचं थांबलं, कॉक बंद केले आणि मामांनी रेग्युलेटर एक सूतभर सरकवला. बारा फूट गेलं. वळणावर चाकं आवाज न करता वळली.

चढावर अजून नेलेलं नाही. अंगणात ट्रॅकच्या शेवटी विटा रचून विसाला एकचा चढ केलाय, सहा मीटर लांब, आणि वाळू चाळून डब्यात भरून ठेवलीय. पाऊस थांबायची वाट बघतोय.