पातळी दिसते, टीएमसी दिसत नाही

जुलै-ऑगस्टात सांगलीत कुणालाही विचारा, दोन आकडे तोंडपाठ असतात. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे आणि कोयनेत किती टीएमसी साठा झालाय. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची. धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी. फूट वेगळे आणि टीएमसी वेगळे, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी मात्र तीच माणसं हा फरक विसरतात. व्होल्ट ही पातळी आणि अँपिअर-तास, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत एएच, हा साठा. इन्व्हर्टरवरचे दिवे बहुतेक वेळा पातळीच दाखवतात.

पाणी निवांत असेल तर पातळीवरून साठा काढता येतो. १२ व्होल्टच्या, अ‍ॅसिड-पाण्याच्या बॅटरीला किमान चार तास, जमल्यास रात्रभर, चार्जिंगही नाही आणि लोडही नाही असं ठेवलं, तर मल्टिमीटरवर १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव. भरलेली ते पाव एवढ्या फरकाला जेमतेम ०.६ व्होल्ट मिळतात, त्यामुळे दशांशाचा एकच आकडा दाखवणारा स्वस्त मीटर इथे कामाचा नाही. मीटरच्या पिना इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला न लावता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर टेकवायच्या. वायर आणि तिच्या टोकाचे पांढरट-हिरवी पूड धरलेले लग मधेच व्होल्ट खातात.

अडचण अशी की घरात बॅटरी निवांत नसतेच. लाइट असते तेव्हा इन्व्हर्टर तिला चार्ज करतो आणि आकडा १३.५ च्या पुढे जातो. लाइट गेली की पंख्यांच्या लोडखाली तोच झटक्यात १२.३ वर येतो. दोन्ही आकडे साठ्याबद्दल काही सांगत नाहीत. चार्जिंग नुकतं थांबलेलं असेल तरी प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज काही काळ १२.९ दाखवत राहतो. पाच-दहा मिनिटं एखादा छोटा दिवा लावला की तो बराचसा उतरतो.

झाकणं उघडता येणाऱ्या बॅटरीत याहून भरवशाचं साधन म्हणजे हायड्रोमीटर. बॅटरी रिकामी होताना सल्फ्युरिक अ‍ॅसिडमधलं सल्फेट प्लेटांवर जातं, अ‍ॅसिड पातळ होतं आणि त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, उतरते; हायड्रोमीटर तीच मोजतो. सर्वसाधारण बॅटरी भरलेली असताना १.२६५, निम्मी असताना १.१९०. आपल्याकडच्या ट्युब्युलर, म्हणजे नळीदार प्लेटांच्या, बॅटऱ्या बऱ्याचदा १.२४० लाच भरलेल्या धरतात, म्हणून सोबतची पुस्तिका फेकू नये. दोन्ही मापं एकमेकांना ताडून बघायला एक सोपं सूत्र आहे : ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवा, बॅटरीतल्या सहा घरांसाठी, म्हणजे सेलसाठी, सहाने गुणा. १.२६५ चे १२.६३ व्होल्ट येतात, १.२४० चे १२.४८. म्हणजे वरचा तक्ता ट्युब्युलरला जसाच्या तसा लावला, तर पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा उगाच थोडी रिकामी वाटेल.

वाचताना तरंगती कांडी काचेच्या भिंतीला टेकू द्यायची नाही आणि डोळा द्रवाच्या पातळीत ठेवायचा. अ‍ॅसिड २७ अंशांपेक्षा गरम असेल तर दर अंशाला ०.०००७ मिळवायचे, गार असेल तर वजा करायचे. मे महिन्यात ३७ अंशांचं अ‍ॅसिड ०.००७ ने खोटं बोलतं. सर्वांत नेहमीची चूक डिस्टिल्ड वॉटर ओतून लगेच मोजण्याची. ताजं पाणी वरच राहतं आणि बॅटरी आहे त्यापेक्षा रिकामी भासते. आधी मोजा; पाणी बॅटरी भरल्यावर घाला. सहा घरांपैकी एकच घर बाकीच्यांपेक्षा ०.०५० खाली असेल, तर दोष चार्जिंगचा नाही, त्या घराचा आहे. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, बोटात अंगठी नको, जवळ खायच्या सोड्याचं पाणी. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, तेव्हा काडी-उदबत्तीही दूर.

आता साठ्याकडे. महिनोन्महिने समुद्रात फिरणाऱ्या शिडाच्या बोटीवर फ्रीज, दिशादर्शक यंत्रं, दिवे सगळं बॅटरीवर चालतं, आणि बॅटरी संपली म्हणून शेजाऱ्याकडून वायर ओढता येत नाही. तिथे आवक-विसर्गाचा हिशेब ठेवणारा मॉनिटर बसवतात. कोयनेच्या जलाशयालगत बामणोली-तापोळ्याच्या काठावर सोलरवर चालणाऱ्या घरालाही तो तितकाच लागू पडतो. त्याचा जीव शंटमध्ये असतो. शंट म्हणजे नेमक्या, अगदी कमी रोधाची धातूची पट्टी. ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टच्या शंटमधून २० अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत २ मिलिव्होल्टचा फरक पडतो. मॉनिटर तो सतत वाचतो आणि आलं किती, गेलं किती याची बेरीज-वजाबाकी करत राहतो.

शंट निगेटिव्ह बाजूला बसतो. त्याच्या एका टोकाला फक्त बॅटरीचा निगेटिव्ह, दुसऱ्या टोकाला बाकी सगळं. सगळं म्हणजे सगळं : इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर, डीसी दिवे, बोटीवर असेल तर अल्टरनेटर आणि तळातलं पाणी उपसणारा पंपही. एखादी निगेटिव्ह वायर सोयीसाठी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर कसली, की ती कालव्यावरच्या चोरून टाकलेल्या पाइपासारखी मोजणीतून सुटते. मॉनिटर ८० टक्के म्हणतो आणि इन्व्हर्टर टूं-टूं करायला लागतो, तेव्हा पहिल्यांदा तीच वायर शोधावी.

तरी निव्वळ बेरीज-वजाबाकी पुरत नाही. १५० एएच हा आकडा साधारणपणे २० तासांच्या सावकाश वापरासाठी असतो, म्हणजे ७.५ अँपिअर. जोरात ओढलं तर कमी मिळतं. जर्मन संशोधक पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रातला घातांक १.२ धरला, तर ५० अँपिअरने ओढल्यावर १५० ऐवजी जेमतेम १०३ एएच हाती येतात. घरचं उदाहरण घ्या. दोन पंखे, दिवे, टीव्ही मिळून २०० वॉट. इन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून सुमारे २० अँपिअर. तीन तासांत ६० एएच गेले. साधी वजाबाकी ६० टक्के शिल्लक दाखवते. पण २० अँपिअरला ही बॅटरी १२३ एएचच देते, म्हणजे त्या वेगाने निम्मी संपली. उरलेलं वाया गेलेलं नसतं. विश्रांती दिली किंवा हळू वापरलं तर त्यातलं बरंच परत मिळतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ही तूट नगण्य, पण तिचा व्होल्ट मधल्या मोठ्या टप्प्यात जवळपास हलतच नाही, म्हणून तिथे शंटशिवाय गत्यंतर नाही.

चार्जिंगमध्येही घट आहे. अ‍ॅसिडच्या बॅटरीतून १०० काढले तर ११० ते ११५ परत घालावे लागतात. हे सारे आकडे मॉनिटरला अंदाजानेच दिलेले, त्यामुळे चूक रोज थोडीथोडी साठते. ती पुसली जाते बॅटरी खरोखर भरते तेव्हा : व्होल्ट १४.२ च्या वर आणि आत जाणारा करंट क्षमतेच्या ४ टक्क्यांखाली, म्हणजे १५० एएचला ६ अँपिअरच्या आत, असं काही मिनिटं टिकलं की मॉनिटर स्वतःला १०० वर आणतो.

इथे सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे पडतात. माण तालुक्यात वर्षाला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तिथे सोलरवरची बॅटरी बहुतेक दिवशी दुपारपर्यंत भरते. महाबळेश्वर-तापोळ्याकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर कोसळतो आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे ती भरत नाही. चूक साठत जाते, प्लेटांवरचं सल्फेटही घट्ट होतं. शिवाय ढगांचा एक खेळ असतो. व्होल्ट चढलेला, तेवढ्यात सूर्य झाकला, करंट ६ अँपिअरखाली आला आणि मॉनिटरने भरली असं जाहीर केलं. म्हणून सोलरवर, भरली असं ठरवण्याआधी थांबायची ही वेळ तीन मिनिटांवर न ठेवता दहा-पंधरापर्यंत वाढवावी आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ग्रिडवर किंवा जनरेटरवर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

आणि गाळ. धरणासारखाच बॅटरीतही तो साचतो आणि क्षमता कमी होते, पण मॉनिटरमध्ये पहिल्या दिवशी लिहिलेले १५० तसेच राहतात. वर्षातून एकदा पडताळा घ्या. पूर्ण भरा, रात्रभर थांबा, मग ७-८ अँपिअरचा लोड लावून हायड्रोमीटर निम्म्यावर येईपर्यंत चालू द्या. थोडं थांबून व्होल्टही १२.२ च्या जवळ आहे ना बघा, आणि लगेच चार्जिंगला लावा. तोवर मॉनिटरने ५५ एएच गेल्याचं नोंदलं असेल तर तुमची बॅटरी आता ११० ची आहे. सेटिंगमध्ये १५० खोडून ११० लिहा.