धीर देणे आणि खात्री देणे
मंत्रचळ, म्हणजेच ओसीडी (नको ती शंका पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती करायला लावणारा मानसिक आजार), असलेल्या माणसाच्या घरात धीर देणे आणि खात्री देणे या दोन गोष्टी इतक्या मिसळून जातात की करणाऱ्यालाही त्यांतला फरक कळत नाही. दोन्ही मायेपोटीच होतात. परंतु पहिलीने माणूस सावरतो आणि दुसरीने आजार पोसला जातो.

रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर बायको विचारते, "अहो, गॅस बंद आहे ना?" नवरा सांगतो, "हो गं, मी बघितलाय." दहा मिनिटांनी तोच प्रश्न येतो. मग तो उठून स्वयंपाकघरात दिवा लावतो, सिलिंडरवरचा रेग्युलेटर हाताने चाचपतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून तिला दाखवतो. तिचा चेहरा निवळतो. पण फोटो काढताना कळीला धक्का तर लागला नसेल, अशी नवी शंका लगेच डोके वर काढते. ही झाली खात्री. तिने मिळणारा आराम खराच असतो, म्हणून तर ती सोडवत नाही. मात्र विचारल्यामुळेच संकट टळले, हा समज दर वेळी आणखी पक्का होतो. रोग्याच्या सांगण्यावरून घरातल्या सगळ्यांनी बाहेरून येताच कपडे बदलणे हाही खात्रीचाच प्रकार होय.

साध्या काळजीत एकदा उत्तर मिळाले की प्रश्न मिटतो. इथे उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो, आणि माझ्या मते घरच्यांनी ओळखायची खूण हीच.

धीर देणारा शंकेचे उत्तर टाळतो, पण माणसाला सोडत नाही. "तुला आत्ता फार भीती वाटतेय, हे दिसतंय मला. आपलं ठरलंय तसं मी उत्तर देणार नाही, पण इथेच बसलोय," असे तो म्हणतो. "वेड लागलंय का तुला, कितीदा विचारशील?" असे खेकसूनही उत्तर टाळता येते, पण त्याला धीर म्हणता येणार नाही.

यामागचे तत्त्व जुने आहे. 1966 मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी ज्या उपचाराची मांडणी केली, त्यातून पुढे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही पद्धत उभी राहिली: भीतीला सामोरे जायचे आणि ती शमवणारी कृती करायची नाही. खात्री मागणे हीही अशीच शमवणारी कृती, म्हणून ती देणे थांबवायला हवे; मात्र घरच्यांनी ते एका रात्रीत बंद करू नये. रोगी शांत असताना, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञांसमोर, आधी कोणत्या प्रश्नाला उत्तर देणे थांबवायचे ते दोघांनी मिळून ठरवावे. तज्ज्ञ कुठे गाठावेत हेच कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विचारता येते.

सुरुवातीला प्रश्न वाढू शकतात, रडूही येते. अशा वेळी स्वयंपाकघराकडे न जाता तिचा हात धरून बसून राहणे नवऱ्यालाही फार जड जाते.