केजन आणि क्रिओल: टोमॅटोवरून ओळखू नका

पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत 'केजन पोटॅटो' नावाचा पदार्थ मिळतो: तळलेले बटाटे, त्यावर मेयोनीज घातलेला केशरी सॉस आणि चिमूटभर लाल तिखट. त्याच्या भरवशावर अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गेलात तर पहिल्याच जेवणात फसगत होईल. तिथे केजन हे मसाल्याचं नाव नाही, माणसांचं आहे. शिवाय त्याच मेन्यूवर शेजारी दुसरं नाव असतं, क्रिओल. गम्बो नावाचा दाट रस्सा केजनही असतो आणि क्रिओलही. जम्बालाया या मांस घालून केलेल्या भाताचं तेच. संध्याकाळी नाच बघायला जावं तर ॲकॉर्डियन दोन्हीकडे, पण एका हॉलमधल्या संगीताला केजन म्हणतात आणि दुसऱ्यातल्याला झायडेको. ह्यूस्टनकडची मराठी कुटुंबं उन्हाळ्याच्या सुट्टीत आय-१० महामार्गावरून लफायेट गाठतात, तिथून न्यू ऑर्लिन्सला जातात आणि परत येतात ती हा गुंता तसाच ठेवून.

प्रवासाच्या पुस्तिकांत याचं एक ठरलेलं उत्तर असतं: क्रिओल शहरातले, केजन खेड्यातले, क्रिओल टोमॅटो घालतात, केजन घालत नाहीत. ताटापुरतं हे बऱ्यापैकी चालतं. माणसांना लावायला गेलं की मोडतं, आणि का मोडतं हेच खरं तर समजून घेण्यासारखं आहे.

आधी केजन. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागाला फ्रेंच वसाहतीच्या काळात अकादी म्हणत. सतराव्या शतकापासून तिथे फ्रेंच शेतकरी राहत होते. १७१३ च्या तहाने तो मुलूख ब्रिटिशांकडे गेला. ब्रिटिश राजाशी बिनशर्त निष्ठेची शपथ घ्यायला हे लोक तयार होईनात, तेव्हा १७५५ पासून त्यांना जहाजांत कोंबून हाकलून देण्यात आलं. पुढच्या काही वर्षांत १०,००० हून अधिक माणसं देशोधडीला लागली. त्यांतला एक जथा जोसेफ ब्रुसार ऊर्फ बोसोलेय याच्या पुढारपणाखाली १७६५ मध्ये लुइझियानात पोचला. फ्रेंच मुलूख म्हणून आले, तर तो तोवर स्पेनला देऊन झालेला! तरी ते तिथेच राहिले, आणि १७८५ मध्ये फ्रान्सहून सात जहाजं भरून आणखी सुमारे १,६०० जण आले. या अकादियनांचे वंशज ते केजन.

क्रिओल ही ओळख एका कुळाची नाही. अठराव्या शतकातल्या लुइझियानात क्रिओल म्हणजे वसाहतीतच जन्मलेला. त्याचे आईबाप फ्रेंच असोत, स्पॅनिश असोत की आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. न्यू ऑर्लिन्समध्ये मिश्र वंशाच्या स्वतंत्र लोकांचा मोठा वर्ग होता. त्यांत गवंडी, शिंपी, संगीतकार होते, घरमालकही होते. हैतीतल्या क्रांतीनंतर क्यूबामार्गे १८०९ च्या सुमारास सुमारे ९,००० निर्वासित शहरात उतरले आणि लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. त्यांत गोरे, स्वतंत्र मिश्रवंशीय आणि गुलाम असे तिन्ही होते. या खिचडीतून क्रिओल शहर उभं राहिलं.

या व्याख्येने अकादियनांची लुइझियानात जन्मलेली मुलंही क्रिओलच ठरतात, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांतले अनेक जण स्वतःला तसं म्हणवूनही घेत. 'केजन' हा शब्द तेव्हा गरीब, अडाणी माणसाला हिणवायला वापरत.

ताटात मात्र फरक दिसतो, तो आधी पाहू. दोन्ही स्वयंपाकघरांची सुरुवात सारखीच: कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. मग रू, म्हणजे तेलात किंवा लोण्यात भाजलेला मैदा. केजन बायका तो मंद आचेवर चॉकलेटी होईस्तोवर भाजतात. बेसनाच्या लाडवांसाठी बेसन भाजताना जसा हात थांबवता येत नाही, तसाच इथेही नाही. असल्या गडद रूवर कोंबडी आणि आंदुई नावाचं धुरावलेलं डुकराचं सॉसेज घातलेला, टोमॅटोचा मागमूस नसलेला गम्बो म्हणजे केजन. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल गम्बोत कोळंबी, खेकडे, कालवं, भेंडी आणि बहुधा टोमॅटो. जम्बालायाही तसाच: शहरातला टोमॅटोने लाल, खेड्यातला कढईच्या बुडाला मांस खरपूस परतल्यामुळे तपकिरी.

पण गम्बोच्या आत डोकावलं की मालकी सांगणं अवघड होतं. भेंडी आफ्रिकेतून आलेली, रूची पद्धत फ्रेंच. रस्सा दाट करायला शेवटी घालतात ती फिले पूड सॅसाफ्रास झाडाच्या वाळलेल्या पानांची, आणि ती चॉक्टॉ आदिवासींकडून घेतलेली. (ती भांडं आचेवरून उतरवल्यावर घालायची, उकळली तर तार सुटते.) भात तर सगळ्यांचाच.

मग तिखट, काळपट 'केजन' कुठून आलं? त्याचं बरंचसं श्रेय पॉल प्रुडोम या एका माणसाला जातं. १९४० साली लुइझियानातल्या ओपेलूसस गावाजवळ जन्मलेला हा केजन शेतकऱ्याचा मुलगा न्यू ऑर्लिन्सच्या नामांकित क्रिओल रेस्टॉरंटमध्ये मुख्य शेफ झाला आणि १९७९ मध्ये त्याने स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. लोण्यात बुडवून, मसाला लावून, लालबुंद तापलेल्या बिडाच्या तव्यावर मासा करपल्यासारखा काळा करायचा, ही त्याची युक्ती. 'ब्लॅकन्ड रेडफिश'चं वेड अमेरिकाभर इतकं पसरलं की १९८० च्या दशकात मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आणावी लागली. केजन आज्यांच्या स्वयंपाकघरात असला मासा कधी होत नसे. जगभरच्या बाटल्यांवर आज जो 'केजन मसाला' लिहिलेला दिसतो त्याचं मूळ अकादीत नाही, या रेस्टॉरंटात आहे. आपल्या बटाट्यांची वंशावळही तिथेच जाते.

शाकाहारी मंडळींना एक सूचना. सोमवारचा 'रेड बीन्स अँड राइस' हा न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल बेत दिसायला राजमा-भात, पण त्या राजम्यात डुकराचं मांस शिजलेलं असतं. हिरव्या पाल्यांचा गम्बो मिळाला तरी विचारल्याशिवाय घेऊ नये. बूदाँ तर भात आणि डुकराचं मांस भरलेलं सॉसेजच. तो पेट्रोल पंपावरच्या दुकानांत चांगला मिळतो, हे अतिशयोक्ती वाटलं तरी खरं आहे.

आता मूळ गुंत्याकडे. १९२१ च्या राज्यघटनेने लुइझियानाच्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली. घरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना वर्गात फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होई. 'मी शाळेत फ्रेंच बोलणार नाही' अशा ओळी लिहायला लावत. एक-दोन पिढ्यांत भाषा घरातूनही हद्दपार झाली. मग वारं फिरलं. १९६८ मध्ये फ्रेंच टिकवण्यासाठी राज्याने कोडोफिल ही संस्था काढली. १९७१ मध्ये विधिमंडळाने दक्षिणेतल्या २२ पॅरिशांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, 'अकादियाना' हे अधिकृत नाव दिलं. हिणवायचा शब्द अभिमानाचा झाला.

पण अभिमानाचा कोणासाठी? याच भागातल्या प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ माळावर, पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारे, भातशेती करणारे, गुरं राखणारे, तोच गम्बो रांधणारे काळे लोकही होते. नव्या नावात त्यांना जागा नव्हती. ते 'क्रिओल' राहिले. उलट जर्मन किंवा स्पॅनिश आडनावाचा, अकादीशी बादरायण संबंध असलेला गोरा माणूस बिनदिक्कत केजन झाला. ब्रो ब्रिज गावाच्या आसपास कूरी-विनी ही क्रिओल भाषा बोलणारे गोरे आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण स्वतःला केजन म्हणवतात. माझ्या मते गेल्या शतकात दोन्ही नावांमधली रेघ टोमॅटोने आखली नाही, शहर-खेड्यानेही नाही; ती कातडीच्या रंगावर आखली गेली. पुस्तिकांतलं वाक्य हे सांगायचं टाळतं, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाला टोमॅटो पचायला सोपा जातो.

संगीतात हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. आमेदे आर्द्वाँ हा १८९८ साली जन्मलेला काळा क्रिओल ॲकॉर्डियनवादक. १९२९ मध्ये त्याने डेनिस मॅकगी या गोऱ्या फिडलवादकाबरोबर (फिडल म्हणजे व्हायोलिन) ध्वनिमुद्रिका केल्या. त्या काळात अशी जोडी जमणं ही साधी गोष्ट नव्हती. आज 'केजन' म्हणून वाजणाऱ्या नाचाच्या कितीतरी चाली, वॉल्ट्झ आणि टू-स्टेप, त्याच्या वादनातून आल्या आहेत. गोऱ्यांच्या नाचात वाजवताना एका गोऱ्या बाईने घाम पुसायला रुमाल दिला आणि त्यापायी त्याला बेदम मारहाण झाली, असं सांगतात. १९४२ मध्ये पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात तो वारला. म्हणजे केजन संगीताच्या पायातला एक मोठा दगड क्रिओल आहे.

त्यानंतर वाटा फुटल्या. केजन बँडमध्ये फिडल, गिटार, लोखंडी त्रिकोण आणि दहा बटणांची एकपदरी ॲकॉर्डियन. ती पूर्वी जर्मनीहून येई. दुसऱ्या महायुद्धात येणं बंद झालं, तेव्हा स्थानिक कारागीर स्वतः बनवू लागले आणि आजही बनवतात. गाणी फ्रेंचमध्ये, बहुतेक सोडून गेलेल्या प्रेयसीची, आणि गाताना आवाज चढा, थोडा रडवेला. झायडेकोत ब्लूज आणि आर अँड बी मिसळलेलं असतं, ड्रम आणि बेस गिटार असते, आणि गळ्यात अडकवून छातीवर वाजवायचा पन्हळी पत्रा असतो, फ्रोत्वार. या पत्र्याला अंगरख्याचा आकार मिळाला तो १९४६ मध्ये क्लिफ्टन शेनियेच्या कल्पनेतून. ओपेलूससजवळ १९२५ मध्ये जन्मलेल्या शेनियेने बटणांऐवजी पियानो ॲकॉर्डियन घेतली, कारण ब्लूजचे सगळे सूर बटणांच्या छोट्या पेटीत मिळत नाहीत. १९८४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

कानाने ओळखायचं तर फिडल पुढे आणि ठेका डौलात असेल तर बहुधा केजन. पत्रा खरखरतोय आणि पाय आपोआप उडतायत, तर झायडेको. लफायेटमध्ये १९७४ साली केजन संगीताच्या मानवंदनेचा म्हणून जो कार्यक्रम झाला, त्यातून वाढलेल्या ऑक्टोबरच्या उत्सवाच्या नावात आज 'अकादियन' आणि 'क्रिओल' दोन्ही आहेत. हे नाव बदलायला तीसेक वर्षं लागली.

उरला स्वॅम्प, म्हणजे दलदल. टूरवाल्यांच्या पाट्यांवर 'केजन स्वॅम्प टूर' असतं आणि टीव्हीमुळे प्रत्येक केजन मगरी धरत होडीत राहतो असं चित्र झालंय. प्रत्यक्षात युनिस आणि मामू या गावांकडचे केजन सपाट माळावरचे भातशेतकरी. अचाफलाया नदीचं खोरं मुळात चिटिमाचा आदिवासींचं. त्यात केजन, क्रिओल सगळ्यांचीच वस्ती होती, पण १९२७ च्या महापुरानंतर बांध घालून नदीचं पाणी खोऱ्यातून सोडायला सुरुवात झाली आणि गाळ साचत गेला. बायू शेन नावाचं अख्खं गाव आज कित्येक फूट गाळाखाली आहे.

जाता जाता इथलंही एक फसवं त्रिकूट सांगून ठेवतो. पाण्यात झाडं उभी असतील तर स्वॅम्प. नुसतं गवत असेल तर मार्श. आणि बायू ही संथ वाहणारी नदी किंवा ओढा. तो दोन्हींतून जातो, गावातूनही जातो. अचाफलाया हा देशातला सगळ्यात मोठा नदीकाठचा स्वॅम्प. बाल्ड सायप्रसची झाडं, त्यांची पाण्यातून वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं, फांद्यांवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस (जे ना स्पॅनिश, ना शेवाळ, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे). आपल्याकडच्या नद्यांना छळणारी जलपर्णी तिथेही होडीच्या पंख्यात अडकते. वाशिष्ठीतल्या मगरी पाहिलेल्यांना ॲलिगेटर वेगळा ओळखता येईल: मुस्कट रुंद, आणि तोंड मिटल्यावर खालचा चौथा दात बाहेर दिसत नाही. काही गाइड त्यांना जवळ बोलवायला मार्शमेलो फेकतात. मला ते आवडत नाही, पण चालतं खरं.

उन्हाळ्यातल्या सहलीची अडचण अशी की क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडासारखा प्राणी, भातखाचरांतच पाळतात आणि त्याचा हंगाम जूनपर्यंत आटोपतो. जुलैमध्ये ताजा उकडलेला क्रॉफिश शोधण्यात दिवस घालवू नका. तेव्हा खेकडे आणि कोळंबी मागवा. १ जूनपासून चक्रीवादळांचा मोसम असतो, म्हणून हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असं घ्या. होडी सकाळची पहिली, शक्यतो ब्रो ब्रिजजवळच्या लेक मार्टिनवर. तिथे बगळ्यांबरोबर गुलाबी चमचा पक्षीही असतात आणि दहानंतर उकाड्याने माणूस आणि ॲलिगेटर दोघेही सावली शोधतात. शनिवार मात्र प्रेअरीसाठी राखून ठेवा. मामूच्या फ्रेड्स लाउंजमध्ये सकाळी आठच्या सुमारास केजन बँड लागतो आणि सत्तरीतली जोडपी वॉल्ट्झ करत असतात. रात्री झायडेको कुठे आहे ते ओपेलूससकडे चौकशी करून ठरवा; त्या जागा बदलत राहतात. दोन्ही ठिकाणी नुसतं बसून बघणाऱ्याला कोणीतरी हाताला धरून उठवतंच, तेव्हा बूट सपाट तळव्याचे घाला.