थंडीची टेस्ट विमानाची की मेकॅनिकची? दोन महायुद्धांमधली बायप्लेन

१९२० च्या दशकाच्या मध्यात दोन ब्रिटिश सिस्किन फायटर (लढाऊ बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांची विमानं) कॅनडात नेली, तिथल्या हिवाळ्यात टिकतात का बघायला. टिकली, मग आणखी घेतली गेली. सांगाडा धातूचा, इंजिन हवेनं थंड होणारं, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी गोठायची भानगडच नाही. माझ्या मते इथंच एक समज रुजला, की एअर-कूल्ड इंजिन घेतलं की थंडीचा प्रश्न मिटला.

तो मिटत नाही, कारण खरा त्रास उडायच्या आधीचा असतो. ऑइल थंडीतल्या तुपासारखं थिजतं, म्हणून रात्री ते गरम असतानाच काढून घ्यायचं, सकाळी स्टोव्हवर तापवून परत ओतायचं, इंजिनावर ताडपत्री टाकून खाली शेगडी पेटवायची आणि कापडी पंखांचं विमान पेटू नये म्हणून तिथंच बसून राहायचं. उभ्या विमानाच्या स्की (चाकांऐवजी लावलेल्या घसरपट्ट्या) बर्फाला चिकटतात, त्यांच्याखाली फळ्या सरकवायच्या. हे सगळं काकडलेल्या बोटांनी, आणि हातमोजे घालून बारीक स्क्रू फिरवता येत नाही.

आता १९३० ची 'आर्क्टिक पेट्रोल'. ८ ते २९ जानेवारी, अमेरिकन लष्कराची पी-१ हॉक बायप्लेन, स्की लावलेली, मिशिगनहून वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला गेली आणि परत आली. त्या वर्षीची मॅके ट्रॉफी, म्हणजे अमेरिकन लष्करी उड्डाणासाठीचा वार्षिक मान, याच उड्डाणाला मिळाली. पण आर्क्टिक कुठलं? स्पोकेन साधारण ४७.७ अंश उत्तरेला, पॅरिससुद्धा त्याच्या वर येतं, आर्क्टिक वृत्त तर ६६.५ अंशांवर. नावाच्या बाजूनं बोलणारे म्हणतात की डकोटा-मोंटानाच्या मैदानातली जानेवारीची थंडी आर्क्टिकपेक्षा कमी नसते, आणि ते खरंच आहे, थंडीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार 'टेस्ट' या शब्दाबद्दल आहे. वाटेत गावं, रेल्वे, टेलिग्राफ, मदतीला माणसं, असं असताना विमानाची परीक्षा होते, पण जिथं काहीच नाही तिथं मूठभर मेकॅनिक सकाळी इंजिन चालू करू शकतील का, हे कळत नाही. ट्रॉफी मिळाल्यावर तो प्रश्न मागे पडला असं मला वाटतं.

इंजिन थंड ठेवायला पाण्याऐवजी वापरलेल्या ग्लायकॉल या द्रवाचंही असंच. ते थंडीसाठी आलं असं सर्रास लिहितात, पण आकर्षण उलटं होतं, ते पाण्यापेक्षा खूप जास्त तापमानाला उकळतं म्हणून रेडिएटर छोटा करता येतो. शुद्ध ग्लायकॉल तर उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठतं, त्यात पाणी मिसळलं की मगच गोठणबिंदू खूप खाली जातो.

आपल्याकडची एव्हरेस्टवरची १९३३ ची उड्डाणं घ्या. लष्करी विमानांवर बेतलेली ब्रिटिश वेस्टलँड कंपनीची बायप्लेन, वर भयंकर थंडी, विजेवर तापणारे कपडे. पण इंजिन चालू झालं बिहारमध्ये, पूर्णियाजवळ, एप्रिलच्या उन्हात! उंचीवरची थंडी वेगळी, रात्रभर बर्फात उभं राहणं वेगळं.

फरक दिसला १९४० मध्ये, आणि विमान एकच होतं, ग्लॅडिएटर हे ब्रिटिश लढाऊ बायप्लेन. जानेवारीत स्वीडनचे स्वयंसेवक १२ ग्लॅडिएटर आणि ४ हार्ट बॉम्बर घेऊन, सोव्हिएत युनियनशी लढणाऱ्या फिनलंडच्या उत्तर भागात केमीजवळ उतरले, समुद्रावरच्या बर्फाचाच तळ केला, आणि १२ जानेवारीपासून युद्ध संपेपर्यंत उडत राहिले. तीन महिन्यांनी, २४ एप्रिलला, ब्रिटिशांची १८ ग्लॅडिएटर केमीच्या बरीच दक्षिणेला, नॉर्वेतल्या लेस्यास्कोगच्या गोठलेल्या तळ्यावर उतरली. इंजिन तेच एअर-कूल्ड मर्क्युरी. सकाळी कार्ब्युरेटर गोठलेले, कंट्रोल जाम, हाताशी माणसं आणि सामान तुटपुंजं, जेमतेम काही विमानं वर गेली आणि जर्मन बॉम्बरनी उरलेली बरीचशी बर्फावरच संपवली. या ब्रिटिश वैमानिकांना दोष देणारं लिखाण वाचलं की मला राग येतो, कारण स्वीडिश लोकांकडे दर हिवाळ्याची सवय असलेला ग्राउंड क्रू होता आणि यांच्याकडे नव्हता.

त्याच ब्रिटिश स्क्वाड्रनला (विमानांच्या तुकडीला) मे महिन्यात नवी ग्लॅडिएटर मिळाली आणि ते उत्तर नॉर्वेतल्या बार्डुफॉसला गेले, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ६९ अंशांवर. थंडी तोवर उतरली होती हे खरं, पण या वेळी आधी माणसं लावून धावपट्टीवरचा बर्फ उपसला होता, विमानांसाठी आडोसे केले होते, आणि तिथून ती जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उडाली.