वेर्नर सीमेन्स: तारेच्या वेष्टनावर उभा राहिलेला घरचा धंदा

हॅनोव्हरजवळच्या लेंथे गावी खंडाने शेती करणाऱ्या कुटुंबात १३ डिसेंबर १८१६ रोजी वेर्नर जन्मला. अभियांत्रिकी शिकायला पैसे नव्हते, म्हणून तो प्रशियाच्या (बर्लिन राजधानी असलेल्या जर्मन राज्याच्या) तोफखान्यात शिरला. बर्लिनच्या लष्करी शाळेत गणित, भौतिकी आणि रसायन फुकट शिकायला मिळालं. १८३९ आणि १८४० मध्ये आईवडील गेले. धाकट्या भावंडांचा भार अंगावर आला आणि शोधांतून पैसा काढणं ही त्याची गरज झाली. विजेने मुलामा चढवण्याच्या पद्धतीचे इंग्लंडमधले हक्क धाकट्या विल्हेल्मने १८४३ साली १,५०० पौंडांना विकून दिले.

१८४७ मध्ये यंत्रकार हाल्स्के याच्यासोबत बर्लिनमध्ये कारखाना निघाला. ६,८४२ थेलरचं (थेलर हे तेव्हाचं प्रशियाचं नाणं) भांडवल चुलतभावाने पुरवलं. कामगार दहाच होते, आणि माल होता काटा अक्षरावर थांबवणारं तारयंत्र.

खरी अडचण यंत्रात नव्हती, तारेत होती. जमिनीखाली तांब्याच्या तारेला ओल लागली की प्रवाह गळतो. गट्टापर्चा, म्हणजे मलायाकडच्या झाडाचा चीक, गरम केला की मऊ होतो आणि निवल्यावर पाणी शोषत नाही. पण त्याच्या पट्ट्या तारेवर दाबून बसवल्या तर सांधा उकलतो. सीमेन्स-हाल्स्के यांनी दाबाने सलग, बिनसांध्याचा थर चढवणारं यंत्र केलं. बर्लिन-फ्रँकफुर्ट तारमार्गाचा मोठा भाग याच तारेवर उभा राहिला, आणि २८ मार्च १८४९ रोजी फ्रँकफुर्टला भरलेल्या सगळ्या जर्मन राज्यांच्या संसदेने प्रशियाच्या राजाला जर्मनांचा सम्राट म्हणून निवडल्याची बातमी तासाभरात बर्लिनला पोचली.

मग बिघाड सुरू झाले. खर्च वाचवायचा म्हणून चर जेमतेम दीड-दोन फूट खोल खणले होते आणि तारेवर लोखंडी कवच नव्हतं. उंदरांनी वेष्टन कुरतडलं. गट्टापर्चा टिकाऊ व्हावा म्हणून त्यात घातलेला गंधक तांब्याशी संयोग पावला, आणि तारेलगतचा थर स्वतःच वीज वाहू लागला. हा दोष बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो जास्त वाईट. १८५१ मध्ये वेर्नरने ही कारणं छापून काढली आणि प्रशियाच्या तारखात्याची कामं गमावली.

ती तूट रशियाने भरून काढली. १८५३ पासून धाकटा भाऊ कार्ल सेंट पीटर्सबर्गची कामं पाहू लागला. तिथे उभारणीबरोबर देखभालीचाही करार मिळाला, म्हणजे ठरलेलं वार्षिक उत्पन्न. दोष नेमका कुठे आहे हे काढायला रोध, म्हणजे तार प्रवाहाला करते तो अडथळा, मोजावा लागतो: दर मैलाचा रोध ठाऊक असेल तर मोजलेल्या आकड्यावरून अंतर निघतं आणि सगळा चर उकरावा लागत नाही. त्यासाठी मापाचं एकक पक्कं हवं. १८६० मध्ये वेर्नरने ते सुचवलं: शून्य अंश सेल्सियसला १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ.

विल्हेल्म लंडनला, कार्ल रशियात, आणखी दोन भाऊ वॉल्टर आणि ओट्टो तिफ्लिसला (आजचं जॉर्जियातलं त्बिलिसी). घराण्याची ही मांडणी लंडन-तेहरान तारमार्गाच्या वेळी उपयोगी पडली. १८७० मध्ये त्यावरून आणि तेहरानपुढच्या तारेवरून लंडनचा चाचणी संदेश कलकत्त्याला २८ मिनिटांत पोचला. हाल्स्के १८६७ अखेर बाहेर पडल्यावर धंदा पूर्णपणे घरचा झाला होता. फिरत्या यंत्रातून वीज काढणाऱ्या डायनॅमोचं तत्त्वही त्याच काळातलं, १८६६-६७चं. १८९० मध्ये वेर्नरने कार्ल आणि आपले दोन मुलगे, आर्नोल्ड व विल्हेल्म, यांच्या हाती कारभार सोपवला. भागभांडवलाची कंपनी मात्र त्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८९७ मध्ये झाली.