वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

गणपती जवळ आले की मुंबईतल्या घराघरांत उकडीच्या मोदकांची तयारी सुरू होते आणि एक प्रश्न हमखास निघतो: पिठी आणि पाणी सारखंच घ्यायचं ना? वाटीनं मोजत असाल तर हो. काट्यावर तोलत असाल तर मुळीच नाही. तांदळाची पिठी वाटीभर पाण्याच्या साधारण दोन तृतीयांश वजनाची भरते, म्हणजे 100 ग्रॅम पिठीला 150 ग्रॅमच्या आसपास पाणी लागतं. सारखं म्हणून 100 ग्रॅमच घातलं, तर उकड कोरडी होते आणि पारी करताना कडा चिरतात.

240 मिलिलिटरच्या कपात पाणी 240 ग्रॅम मावतं, साखर सुमारे 200 आणि मैदा 120 ते 125. साखरेचा दाणा पाण्यात बुडतो, त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ 1.6 पट आहे. तरीही कपभर साखर कपभर पाण्यापेक्षा हलकी, कारण कपातली जवळपास निम्मी जागा दाण्यांमधल्या हवेची असते.

मैद्यात हवा त्याहून जास्त. त्याचे कण बारीक आणि ओबडधोबड, एकमेकांना धरून राहणारे, त्यामुळे मधे पोकळ्या तशाच टिकतात. चाळून, चमच्यानं हलकेच भरलेली वाटी ओट्यावर दोनचार वेळा ठोकून बघा, मैदा डोळ्यांदेखत खाली बसतो. डब्यात कप खुपसून मैदा काढला तर 120 ऐवजी 140-150 ग्रॅमही येतो. केक कोरडा, घट्ट होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं, आणि दोष मात्र ओव्हनला जातो. रवा किंवा साखर असा दगा देत नाही, दाणे सुटे असल्यानं ती कशीही भरली तरी फार फरक पडत नाही.

पूर्वी धान्य मापानंच घेत: दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. तेव्हाही माप सपाट की शीग लावून, हे आधी ठरवावं लागे.

तेलात हवेचा प्रश्न नाही, पण तापमानाचा आहे. तापलं की तेल प्रसरण पावतं. एक लिटर सोयाबीन तेल 21 अंश सेल्सिअसला 919.1 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 892.6. काही उत्पादक पिशवीवर चढं तापमान छापून लिटर मोजत, म्हणजे हातात तेल कमी येई. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं तापमानाचा उल्लेख काढून योग्य वजन छापायला सांगितलं. ग्राहकाच्या दृष्टीनं हा फार चांगला निर्णय होता.

दुसऱ्याचा तक्ता जसाच्या तसा वापरू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण प्रत्येक घरची वाटी वेगळी. रिकामी वाटी डिजिटल काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. 150 ग्रॅम आलं तर वाटी 150 मिलिलिटरची. मग बेसन, रवा, पिठी नेहमी भरता तशीच भरून तोला आणि आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. अशा वाटीत हलका भरलेला मैदा 75 ग्रॅम मावतो, म्हणजे 250 ग्रॅमसाठी सव्वातीन वाट्यांहून किंचित जास्त.

भाजीच्या मिठाला एवढा काटेकोरपणा नको, लोणच्याच्या मिठाला हवा, कारण लोणचं टिकतं मिठावर. 5 मिलिलिटरच्या चमच्यात बारीक मीठ सुमारे 6 ग्रॅम येतं, खडेमीठ सहसा कमी. शिवाय हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं, आणि मुंबईचा पावसाळा ही मर्यादा सहज ओलांडतो. जुलैत लिंबाचं लोणचं घालायचं असेल, तर मीठ आधी कढईत कोरडं भाजून, गार करून मगच तोलावं.